कोणता डेटाबेस खरा हे नंतर पाहू; आधी चित्रपट कोणता ते पक्कं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाहिलेल्या चित्रपट-मालिकांची साधारण ४०० नावांची शीट तुमच्याकडे आहे. एका कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात वर्ष. आता त्यात दिग्दर्शक, लांबी, प्रकार, रेटिंग आणि मालिकांचे भाग भरायचे आहेत. पण आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या माहितीच्या साइटवर एक वर्ष दिसतं आणि दुसरीकडे दुसरंच. लांबीत चार-पाच मिनिटांचा फरक पडतो. एका मालिकेचा पहिला भाग कोणता, यावरही दोन साइटींचं एकमत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की यांतला बरोबर डेटाबेस कोणता, म्हणजे तोच धरून सगळी शीट भरून टाकता येईल.

यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पहिला, समोरची नोंद तुमच्याच चित्रपटाची आहे का? दुसरा, त्या नोंदीतला आकडा नेमका कशाचा आहे? तुम्हाला जे मतभेद वाटतायत, त्यातले बरेचसे या दुसऱ्या प्रश्नातून आले आहेत. दोन्ही साइटी आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात, फक्त व्याख्या वेगळ्या असतात. पहिल्या प्रश्नात झालेली चूक मात्र खरी चूक असते. तिथे चुकलं तर पुढचे सगळे रकाने दुसऱ्याच चित्रपटाच्या माहितीने भरतात आणि शीट दिसायला अगदी नीटनेटकी दिसते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ४० नावं असतील तर हाताने भरा, साधनं शिकण्यात वेळ घालवू नका. ४०० असतील तर खाली दिलेली पद्धत वापरा. ४०,००० असतील तर थोडं प्रोग्रॅमिंग लागेलच. यादी स्वतःपुरती आहे की त्यावर अ‍ॅप बांधून पैसे मिळवायचे आहेत, यावरून कोणाची माहिती वापरता येईल हे ठरतं. यादीत मूकपट, लघुपट, किंवा इंग्रजीबाहेरच्या भाषांतले फारसे न गाजलेले चित्रपट जितके जास्त, तितकं हातकाम वाढतं.

आधी ओळख क्रमांक

शीटमध्ये सगळ्यात आधी एक नवा कॉलम घाला: आयएमडीबी क्रमांक. त्या साइटवर प्रत्येक नोंदीच्या पत्त्यात 'टीटी' ही दोन रोमन अक्षरं आणि त्यापुढे सात किंवा आठ आकडे असतात. जुन्या नोंदींना सात आकडे, अलीकडच्या बऱ्याच नोंदींना आठ. पहिला क्रमांक, म्हणजे सहा शून्यं आणि एक, १८९४ सालच्या 'कार्मेंसिता' या एका नर्तकीच्या छोट्या चित्रफितीचा आहे. हा क्रमांक घ्यायचा तो आयएमडीबी सर्वश्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. बाकीचे जवळजवळ सगळे डेटाबेस आपल्या नोंदीत हा क्रमांक लिहून ठेवतात, म्हणून. एकदा तो हाती आला की टीएमडीबी (चित्रपट-मालिकांचा लोकांनी भरलेला डेटाबेस), विकिडेटा (सगळ्या विषयांच्या माहितीचा खुला साठा), टीव्हीडीबी (मुख्यतः मालिकांचा डेटाबेस) यांच्यात ये-जा करता येते. नावावरून प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा शोधत बसावं लागत नाही.

नावावर विसंबायचं का नाही? कारण एकाच नावाचे चित्रपट, त्यांचे रीमेक आणि त्याच नावाची मालिका हे सगळं सर्रास सापडतं. एकाच वर्षी एकाच नावाचे दोन चित्रपट येतात तेव्हा आयएमडीबी त्यांच्यापुढे रोमन आकडे लावतं. शिवाय तिथे नाव कोणत्या भाषेत दिसावं हे तुमच्या खात्याच्या आणि प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतं. त्यामुळे मूळ फ्रेंच किंवा जपानी चित्रपट तुम्हाला इंग्रजी नावाने दिसतो आणि शीटमध्ये तेच नाव उतरतं. लिपी बदलली की रोमन स्पेलिंगचे तीन-चार प्रकार होतात ते वेगळंच. 'ऑल्सो नोन अ‍ॅज' हा विभाग यासाठीच असतो. तुमच्याकडचं नाव मुख्य शीर्षकाशी जुळत नसेल तर आधी तिथे बघा.

जुळणी पक्की मानण्यासाठी मी तीन गोष्टी बघतो: मुख्य किंवा पर्यायी नाव जुळतंय, वर्षात एकापेक्षा जास्त फरक नाही, आणि दिग्दर्शक किंवा मुख्य कलाकारांपैकी एकजण तरी तोच आहे. तुमच्या शीटमध्ये आज फक्त पहिल्या दोनच गोष्टी आहेत, त्यामुळे तिसरी तुम्हाला आठवणीतून किंवा पोस्टर बघून आणावी लागेल. प्रत्येक ओळीसाठी नव्हे, पण संशयास्पद ओळींसाठी नक्की.

आणखी एक सावधगिरी. आयएमडीबीत चित्रपट, मालिका, मालिकेचा एकेक भाग, टीव्हीसाठी केलेला चित्रपट, लघुपट, इतकंच काय व्हिडिओ गेम, या सगळ्यांना 'टीटी'चेच क्रमांक असतात. घाईत कॉपी करताना मालिकेऐवजी तिच्या एखाद्या भागाचा क्रमांक चिकटवला जातो. मग लांबी ४४ मिनिटं, दिग्दर्शक एकच आणि रेटिंग ९.६ असं काहीतरी विचित्र दिसतं. टीएमडीबीत नेमका उलटा घोळ होतो. तिथे चित्रपटांचे आणि मालिकांचे क्रमांक स्वतंत्र चालतात. चित्रपट क्रमांक ५५० म्हणजे 'फाइट क्लब', पण मालिका क्रमांक ५५० म्हणजे भलतंच काहीतरी. त्यामुळे टीएमडीबीचा क्रमांक लिहाल तर शेजारी 'चित्रपट' की 'मालिका' हेही लिहा.

४०० ओळींसाठी ओपनरिफाइन

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर ओपनरिफाइन हे मोफत साधन घ्या. ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि ब्राउझरमध्ये उघडतं. त्यात विकिडेटाशी जुळणी करण्याची सोय तयारच असते. विकिडेटा २०१२ पासून चालू आहे, त्यातली माहिती वापरायला परवानगी लागत नाही, आणि चित्रपटांच्या नोंदीत आयएमडीबी, टीएमडीबी, रॉटन टोमॅटोज (समीक्षकांची मतं गोळा करणारी साइट), लेटरबॉक्स्ड (प्रेक्षक पाहिलेले चित्रपट नोंदवतात ती साइट) अशा अनेक ठिकाणांचे क्रमांक एकत्र मिळतात. आपल्याला सध्या हवा आहे तो हाच क्रमांकांचा पूल.

आधी शीटचे दोन भाग करा, चित्रपट वेगळे आणि मालिका वेगळ्या. दोन्ही एकत्र जुळवायला गेलात तर चित्रपटाला मालिका चिकटते. चित्रपटांची फाइल ओपनरिफाइनमध्ये उघडा. नावाच्या कॉलमवरच्या मेनूत 'रिकन्साइल' (म्हणजे जुळणी) आणि त्यात 'स्टार्ट रिकन्साइलिंग' निवडा. सेवा विकिडेटा आणि प्रकार 'फिल्म' ठेवा. त्याच खिडकीत वर्षाचा कॉलम मदतीला देता येतो. त्यासाठी गुणधर्म निवडायचा 'पब्लिकेशन डेट', विकिडेटातला त्याचा क्रमांक पी ५७७. फक्त वर्षच तपासायचं असल्यामुळे त्या क्रमांकाला लागूनच अ‍ॅट-चिन्ह आणि 'इयर' हा शब्द जोडायचा, सगळं रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता. ही जोड विसरलात तर साधन तुमचं नुसतं वर्ष आणि विकिडेटातली पूर्ण तारीख यांची तुलना करतं आणि जुळणीचे गुण विनाकारण कमी देतं.

'खात्रीच्या जुळण्या आपोआप लावा' असा पर्याय येतो. पहिल्या फेरीत तो बंद ठेवा, असं माझं मत आहे. ४०० ओळी म्हणजे फार नाहीत. उमेदवारांची, म्हणजे साधनाने सुचवलेल्या नोंदींची, यादी डोळ्याखालून जाते आणि कुठली नावं धोक्याची आहेत हे कळतं. मग गुणांप्रमाणे फॅसेट, म्हणजे ओळींचे गट पाडणारी गाळणी, लावा. वरच्या गुणांच्या ओळी भराभर मान्य करा. मधल्या गटातल्या ओळी उमेदवारावर माउस नेऊन छोटं वर्णन वाचत तपासा. खालचा गट बाजूला काढून ठेवा, तो हाताने करायचा.

जुळणी झाली की 'अ‍ॅड कॉलम्स फ्रॉम रिकन्साइल्ड व्हॅल्यूज' मधून आयएमडीबी क्रमांक (पी ३४५) आणि दिग्दर्शक (पी ५७) मागवा. इथे बरेचजण घाबरतात, कारण ४०० ओळींच्या एकदम ४६० झालेल्या दिसतात. काही बिघडलेलं नसतं. ज्या चित्रपटाला दोन दिग्दर्शक असतात, त्याच्या दुसऱ्या दिग्दर्शकासाठी साधन खाली एक अर्धी रिकामी ओळ तयार करतं. अशीच फाइल बाहेर काढून एक्सेलमध्ये नाव किंवा वर्ष लावून क्रमवारी बदललीत, तर त्या ओळींचा आपल्या चित्रपटाशी संबंध तुटतो आणि तो परत जोडता येत नाही. म्हणून निर्यात करण्याआधी त्या कॉलमवर 'जॉइन मल्टी-व्हॅल्यूड सेल्स' चालवून दोन्ही नावं एका रकान्यात आणा. ओळी पुन्हा ४०० झाल्या की मगच फाइल बाहेर काढा.

क्रमांक एक्सेलमध्ये नेताना तो कॉलम 'टेक्स्ट' ठेवा. 'टीटी' ही अक्षरं पुढे असतील तर शून्यं शाबूत राहतात, पण काही फाइलींमध्ये नुसतेच आकडे असतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या मूव्हीलेन्स या चित्रपट सुचवणाऱ्या प्रकल्पाचा जो डेटासेट आहे, त्यातल्या 'लिंक्स' फाइलमध्ये मूव्हीलेन्स, आयएमडीबी आणि टीएमडीबी असे तिन्ही क्रमांक ओळीने दिलेले असतात, आणि ती फार उपयोगी आहे. त्यात 'टॉय स्टोरी'चा आयएमडीबी क्रमांक ०११४७०९ असा आहे. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की पुढचं शून्य उडतं आणि ११४७०९ उरतो. असा क्रमांक तुमच्या शीटमधल्या क्रमांकाशी कधीच जुळणार नाही. डावीकडे शून्यं भरून सात आकडे पूर्ण करा, मग 'टीटी' लावा. नावाचा कॉलमही टेक्स्टच हवा, कारण '३००' किंवा '१९१७' हे एक्सेलच्या लेखी आकडे असतात. आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उघडताना डबल क्लिकऐवजी 'इम्पोर्ट' वापरून यूटीएफ-८ निवडा, नाहीतर फ्रेंच उच्चारचिन्हं आणि देवनागरी नावं दोन्हींचा चिखल होतो.

इथपर्यंतचा क्रम एकदा बघून घ्या: चित्रपट आणि मालिका वेगळे केले, विकिडेटावरून क्रमांक आणले, दुहेरी ओळी एकत्र केल्या, क्रमांक टेक्स्ट म्हणून ठेवले. यानंतरच बाकीची माहिती भरायची.

वर्ष कुणाचं धरायचं

वर्षाचा घोळ 'द हर्ट लॉकर'च्या उदाहरणावरून नीट कळतो. व्हेनिस महोत्सवात तो २००८ मध्ये दाखवला गेला. अमेरिकेत चित्रपटगृहांत आला २००९ मध्ये. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं ते २००९ च्या चित्रपटांसाठीच्या पुरस्कारांत, आणि तो समारंभ झाला मार्च २०१० मध्ये. तीन वर्षं, तिन्ही खरी. आयएमडीबी पहिल्या जाहीर प्रदर्शनाचं वर्ष धरतं आणि त्यात महोत्सवही मोजतं, म्हणून तिथे २००८ दिसतं. पुरस्कारांच्या यादीवरून शीट बनवणाऱ्याकडे २००९ असतं. समारंभाच्या तारखेवरून लिहिणाऱ्याकडे २०१०.

टीएमडीबीत तारखांना प्रकार दिलेले असतात: प्रीमियर, मर्यादित प्रदर्शन, चित्रपटगृहांतलं प्रदर्शन, डिजिटल, डिस्क किंवा टेप, आणि टीव्ही. देशवार वेगळ्या तारखा असतात. ही सोय फार चांगली आहे, पण आपण नेमकी कोणती तारीख उचलतोय हे बघायला हवं. तुमच्या शीटसाठी सोपा नियम: 'वर्ष' या कॉलममध्ये आयएमडीबीचं वर्ष ठेवा, म्हणजे क्रमांकाशी ते सुसंगत राहील. तुम्ही आधी लिहिलेलं वर्ष पुसू नका, शेजारी राहू द्या. दोघांत एका वर्षाचा फरक असेल तर तो बहुतेक महोत्सवामुळे पडलेला असतो. दोन किंवा जास्त वर्षांचा फरक असेल तर चित्रपटच चुकीचा जुळलाय असा संशय धरून ती ओळ पुन्हा उघडा. उशिरा प्रदर्शित झालेले चित्रपट असतातच, पण आधी संशय घेतलेला बरा.

लांबीतला फरक

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल पद्धतीच्या (युरोप, भारत अशा देशांतल्या जुन्या) टीव्हीवर आणि डीव्हीडीवर तोच चित्रपट बहुधा २५ चौकटींनी चालवला जायचा. म्हणजे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. एकही दृश्य कापलेलं नसतं. तुम्हाला दिसलेला चार-पाच मिनिटांचा फरक याच प्रमाणात, म्हणजे साधारण ४ टक्के असेल, तर डीव्हीडीच्या पाठीवरचा आकडा कोणीतरी नोंदवलाय असं समजा. फरक या प्रमाणात बसत नसेल तर मात्र वेगळी आवृत्ती, सेन्सॉरची काटछाट किंवा दिग्दर्शकाची लांब आवृत्ती शोधा. आयएमडीबी एकाच चित्रपटाच्या अनेक लांब्या देतं आणि कोणती कुठल्या आवृत्तीची हे पुढे लिहितं. टीएमडीबीत एकच आकडा असतो.

मूकपटांच्या बाबतीत लांबीवर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रोजेक्टर कोणत्या वेगाने फिरवला यावर ती ठरते, आणि तो वेग एकसारखा नव्हता. मालिकांचंही लक्षात ठेवा: ६० मिनिटांच्या वेळेत बसवलेल्या भागाची जाहिराती वगळून खरी लांबी ४२ ते ४४ मिनिटं असू शकते. काही साइटी वेळेचा खण लिहितात, काही खरी लांबी.

भागांचे क्रमांक

मालिकांच्या बाबतीत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास इथेच होणार आहे. 'फायरफ्लाय' ही मालिका बघा. चौदा भाग बनले, पहिल्या प्रसारणात त्यातले अकरा दाखवले गेले. मूळ पहिला भाग 'सेरेनिटी' वाहिनीने मागे ठेवला आणि २० सप्टेंबर २००२ ला 'द ट्रेन जॉब' या भागाने सुरुवात केली. 'सेरेनिटी' दाखवला गेला २० डिसेंबरला. पुढे डीव्हीडीवर तोच पहिला आला. आता 'सीझन १, भाग १' म्हणजे कोणता? प्रसारणाचा क्रम धरणारा एक सांगेल, डीव्हीडीचा क्रम धरणारा दुसरा.

टीव्हीडीबीने यासाठी एकाच मालिकेचे वेगवेगळे क्रम ठेवले आहेत: प्रसारणाचा, डीव्हीडीचा, आणि सीझन न मोजता पहिल्यापासून शेवटपर्यंतचा सलग क्रम. हा सलग क्रम लांबलचक अ‍ॅनिमे मालिकांसाठी विशेष लागतो. म्हणून मालिकांसाठी मी टीव्हीडीबी किंवा टीव्हीमेझ या मालिकांच्याच दुसऱ्या साइटकडे आधी बघतो, आयएमडीबीकडे नंतर. शीटमध्ये 'क्रम' नावाचा एक कॉलम ठेवा आणि प्रत्येक मालिकेसमोर 'प्रसारण', 'डीव्हीडी' किंवा 'सलग' असं लिहा. एका मालिकेत दोन क्रम कधीही मिसळू नका.

बाकी घोळ बहुधा या तीन ठिकाणी असतात. पहिला भाग दुप्पट लांबीचा असेल तर एक साइट त्याला एक भाग मोजते, दुसरी दोन, आणि मग तिथून पुढचा प्रत्येक क्रमांक एकाने सरकतो. तुमच्याकडे शेवटच्या भागाचा क्रमांक एकाने जास्त किंवा कमी येत असेल तर आधी सुरुवातीचा भाग तपासा. खास भाग बहुतेक ठिकाणी सीझन शून्यमध्ये टाकलेले असतात, ते एकूण संख्येत धरू नका. आणि स्ट्रीमिंगवर एक सीझन दोन तुकड्यांत आला की काही जण दुसऱ्या तुकड्याला नवा सीझन समजून नोंदवतात.

रेटिंग म्हणजे नक्की काय

चार साइटींचे चार आकडे एका कॉलममध्ये येऊ शकत नाहीत. रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच. १०० समीक्षकांनी चित्रपटाला 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हणून दहापैकी सहा दिले आणि त्या सगळ्यांची गणना अनुकूल मतात झाली, तर टक्का १०० येतो. त्याच परीक्षणांचा मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या साइटवरचा आकडा ६०च्या आसपास असेल, कारण तिथे गुणांची भारित सरासरी काढतात. आयएमडीबी आणि टीएमडीबीवर प्रेक्षकांची मतं असतात, दहापैकी. लेटरबॉक्स्डवर अर्ध्यापासून पाच तारे.

दुसरी अडचण मतांच्या संख्येची. २,००० मतांवरचे ९.० आणि २,००,००० मतांवरचे ८.२ यात वरचढ कोण? आयएमडीबीने आपल्या सर्वोत्तम २५० च्या यादीसाठी जे सूत्र जाहीर केलं होतं, ते घरच्या शीटलाही चालतं. मतांची संख्या भागिले (मतं अधिक किमान मतं), गुणिले चित्रपटाची सरासरी. अधिक किमान मतं भागिले (मतं अधिक किमान मतं), गुणिले सगळ्या चित्रपटांची सरासरी. किमान मतं २५,००० आणि एकूण सरासरी ७.० धरली तर पहिल्या चित्रपटाला ७.१५ मिळतात आणि दुसऱ्याला ८.०७. पण किमान मतं १,००० धरली तर पहिल्याला ८.३३ आणि दुसऱ्याला ८.१९, म्हणजे क्रमच उलटतो. कमी पाहिल्या गेलेल्या चित्रपटांची यादी असेल तर किमान आकडा लहान ठेवावा लागतो, नाहीतर सगळे सरासरीला चिकटतात. कोणताही आकडा धरा, पण तो शीटच्या वरती लिहून ठेवा.

रेटिंगच्या शेजारी मतांची संख्या आणि बघितल्याची तारीख हवीच. नव्या चित्रपटाचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत बराच हलतो, आणि कधी ठरवून एकगठ्ठा वाईट मतं टाकली जातात. आयएमडीबीवर एक ते दहा अशी मतांची विभागणी दिसते. एकवर आणि दहावर दोन उंच मनोरे आणि मध्ये खड्डा असेल तर तिथल्या सरासरीवरून चित्रपटाबद्दल काही ठरवू नका.

तीन साइटी म्हणतायत म्हणजे खरं?

हा गैरसमज मला खरंच दूर करायचा आहे. लेटरबॉक्स्ड चित्रपटांची माहिती टीएमडीबीवरून घेतं. घरच्या मीडिया सर्व्हरची बरीच सॉफ्टवेअरं तिथूनच घेतात. म्हणजे टीएमडीबीवर एखाद्या सदस्याने चुकीचा कलाकार टाकला तर तो तीन-चार ठिकाणी दिसतो आणि आपल्याला वाटतं की सगळीकडून दुजोरा मिळाला. दुजोरा मोजताना मुळं मोजा. आयएमडीबी, टीएमडीबी आणि विकिडेटा हे तिन्ही मोठ्या प्रमाणात लोकांच्या योगदानावर उभे आहेत. आयएमडीबी तर १९९० मध्ये यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातल्या चित्रपटप्रेमींच्या याद्यांतूनच सुरू झालं आणि १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते घेतलं. लोकांनी केलेलं काम आहे म्हणून त्याला कमी लेखू नका, एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्या मार्गाने झालं नसतं. पण वादग्रस्त श्रेयासाठी शेवटचा पुरावा म्हणजे चित्रपटाची स्वतःची श्रेयनामावली. अमेरिकी चित्रपट असेल तर अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग त्याखालोखाल. आयएमडीबीवर नावापुढे 'अनक्रेडिटेड' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ते नाव पडद्यावर दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अजून न आलेल्या चित्रपटांच्या नोंदी शीटमध्ये घेऊच नका. टीएमडीबीत 'अफवा', 'नियोजित', 'निर्मिती चालू' अशा अवस्था लिहिलेल्या असतात आणि त्या बदलत राहतात.

प्रकाराबद्दल एवढंच. आयएमडीबीच्या मोफत डेटासेटमध्ये प्रत्येक नोंदीला जास्तीत जास्त तीन प्रकार असतात आणि ते वर्णानुक्रमाने लावलेले असतात. 'टॉय स्टोरी'समोर अ‍ॅडव्हेंचर, अ‍ॅनिमेशन, कॉमेडी असं येतं, म्हणून पहिला तो मुख्य प्रकार असं समजू नका.

हा डेटासेट तुम्ही उतरवायला जाल, म्हणून दोन शब्द. तो रोज ताजा होतो आणि वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी मोकळा आहे. पण मुख्य फाइलमध्ये एक कोटीपेक्षा जास्त ओळी आहेत आणि एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ आहे. उघडेल, पण दहावा हिस्साच दिसेल आणि तुमचा चित्रपट 'सापडत नाही' असं वाटेल. डेटाबेस सॉफ्टवेअर किंवा पायथन वापरा. वाचताना अवतरणचिन्हांचा विशेष अर्थ बंद करा, कारण काही नावांत एकटंच अवतरणचिन्ह असतं आणि वाचणारा प्रोग्रॅम पुढच्या शेकडो ओळी एकाच रकान्यात गिळतो. रिकाम्या जागी उलटी तिरकी रेघ आणि एन हे अक्षर असतं, ती रिकामी जागा समजा.

४०० नावांना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. त्यापेक्षा टीएमडीबीची मोफत चावी (एपीआय की, म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागवण्यासाठी मिळणारा सांकेतिक क्रमांक) घेऊन आयएमडीबी क्रमांकावरून माहिती मागवणं सोपं पडतं. त्यांच्या नावाचा उल्लेख करावा लागतो, आणि पैसे मिळवणारं अ‍ॅप असेल तर वेगळा करार. चित्रपट कुठे बघायला मिळतो ही त्यांची माहिती जस्टवॉच या स्ट्रीमिंगची माहिती देणाऱ्या सेवेकडून येते आणि देशानुसार बदलते. ती शीटमध्ये साठवू नका, लागेल तेव्हा बघा.

जे सापडतच नाहीत

दर शंभरात काही नावं उरतीलच. तिथे नावावरून शोधणं सोडा आणि माणसावरून जा. आठवणाऱ्या कलाकाराचं पान उघडून त्याच्या कामांची यादी वर्षानुसार चाळा. दोन कलाकार आठवत असतील तर आयएमडीबीच्या प्रगत शोधात दोन्ही नावं एकदम टाका, दोघांची एकत्र कामं सहसा मूठभरच निघतात. कोणीच आठवत नसेल तर कथानकातली ठळक वस्तू किंवा जागा कीवर्ड म्हणून टाका आणि वर्ष, भाषा, प्रकार लावून यादी छोटी करा. इथे 'प्रकार' मध्ये टीव्हीसाठी केलेले चित्रपट आणि लघुपट यांच्यावरही खूण करा. न सापडणाऱ्या नावांतली बरीच त्या खणांत लपलेली असतात.

तरीही क्रमांक मिळाला नाही तर तो रकाना रिकामा ठेवा, जवळचा वाटणारा भरू नका. आणि क्रमांक मिळालेल्या ओळींतही नाव आणि वर्ष कायम राहू द्या. एकाच चित्रपटाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर आयएमडीबी त्या एकत्र करतं आणि जुना क्रमांक बहुधा नव्याकडे वळतो. टीएमडीबीवर दुबार नोंद काढली तर तो क्रमांक मेलेला असतो, तेव्हा नाव आणि वर्ष हाच धागा उरतो.

सगळं झाल्यावर उरलेल्या ओळी इथे टाका: नाव, भाषा, साधारण कोणत्या दशकात पाहिलात आणि आठवणारा एक चेहरा किंवा एक प्रसंग. एवढ्यावर पुढे शोधता येईल.